पुंगळी एका कॅलिबरची, घडवायची दुसऱ्याची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ पासून छोट्या शस्त्रांचा दारूगोळा तयार करतो. त्यामुळे भुसावळ, वरणगाव आणि जळगावच्या पट्ट्यात काडतूस हा विषय परका नाही. टूलरूममध्ये डाय (धातूला आकार देणारे साचे) आणि पंच (साच्यात धातू दाबणारे ठोसे) घडवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून या भागातले निवृत्त जवान, आयटीआयची मुले, परवानाधारक शेतकरी आणि परदेशात नेमबाजी करणाऱ्यांचे इथले नातेवाईक मला तेच तेच प्रश्न पाठवत असतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. दारूची वजने आणि भरण्याची प्रमाणे मी कोणालाही सांगत नाही आणि इथेही ती नाहीत. हा लेख पितळेविषयी, मापांविषयी आणि कायद्याविषयी आहे.

१. पुंगळी म्हणजे काडतूसच ना? मग ती ‘घडवायची’ म्हणजे नेमके काय करायचे?

काडतुसाचे चार भाग असतात: पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. गोळी सुटल्यावर बंदुकीतून बाहेर पडते ती रिकामी पुंगळी. तिला बूड, अंग, खांदा आणि गळा असतो. खांदा म्हणजे अंगापासून गळ्याकडे निमुळता होत जाणारा उतार. कॅलिबर म्हणजे काडतुसाचे माप: ढोबळमानाने ‘.३०८’ सारखा आकडा गोळीची जाडी इंचात सांगतो, आणि ‘८×५०’ सारखा आकडा गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी मि.मी. मध्ये. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जागा. एका कॅलिबरच्या पुंगळीचा खांदा मागे सरकवून, गळा आवळून किंवा रुंदावून आणि लांबी कापून तिला दुसऱ्या कॅलिबरच्या चेंबरमध्ये बसेल असा आकार दिला जातो. बुडाला मात्र जवळपास हात लावला जात नाही. मूळ पुंगळीची निवड बुडावरूनच होते, ती का ते प्रश्न ५ मध्ये सांगितले आहे.

२. हे काम मी घरी लेथवर करू शकतो का? माझ्याकडे रायफलचा परवाना आहे.

नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यासाठी किंवा त्यात बदल करण्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. याच कायद्यातील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चे उल्लंघन करून शस्त्रे किंवा दारूगोळा बनवण्याला किमान सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ‘मी तर फक्त पितळेचा आकार बदलत होतो’ एवढ्या भरवशावर आपल्या घरादाराची घडी मोडण्याचा धोका कोणी पत्करू नये, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, स्वतःच्या वापरासाठी काडतुसे पुन्हा भरणे आणि पुंगळ्या घडवणे हा सर्वमान्य छंद आहे. पुढच्या उत्तरांत ज्या पद्धती येतात त्या तिथल्या आहेत. मुलगा किंवा भाचा तिथे हे काम करत असेल तर त्याचे बोलणे कळावे, आयटीआयच्या विद्यार्थ्याला पितळेचे वागणे समजावे आणि संग्राहकाला हातातली वस्तू ओळखता यावी, यासाठी ती दिली आहेत.

३. आमच्याकडे केळीत रानडुकरे शिरतात म्हणून पीक संरक्षणाचा परवाना आहे. त्यावर काडतूस भरता येते का?

येत नाही. तो परवाना ठरावीक बंदुकीपुरता आणि ठरावीक कारणापुरता असतो. परवान्यात नोंदलेल्या मर्यादेत दारूगोळा अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावा लागतो. रावेर–यावलकडच्या केळीचे नुकसान किती असते हे मी जवळून पाहिले आहे आणि शेतकऱ्याचा राग मला समजतो, पण त्यावरचा उपाय वन विभागाच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या मार्गानेच काढावा लागतो.

४. बाजारात तयार काडतूस मिळत असताना ही खटपट लोक का करतात?

कारण अनेक जुन्या रायफलींची पुंगळी आता कोणी बनवतच नाही, किंवा बनवले तरी ती मिळेलच याची खात्री नसते. याचे एक उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. इंग्रजांच्या काळात लष्करी कॅलिबरची रायफल नागरिकांना देत नसत, म्हणून हिंदुस्थानातील शिकारी रायफली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या ८×५० मि.मी. मॅनलिखर काडतुसासाठी बनू लागल्या. तेच काडतूस आपल्याकडे ‘तीनशे पंधरा बोअर’ म्हणून रुळले आणि आजही परवान्यांवर तोच आकडा दिसतो. आपल्याकडे हे काडतूस कारखान्यात बनते, पण युरोपात आणि अमेरिकेत ज्यांच्याकडे मूळ मॅनलिखर रायफली आहेत त्यांना पुंगळी सहज मिळत नाही. ते रशियन ७.६२×५४ मि.मी. ची, बुडाला बाहेर आलेली कडा असलेली पुंगळी घेऊन तिला ८×५० चा आकार देतात. रायफल शंभर वर्षांहून जुनी आणि पितळ कालचे, असा तो संसार चालतो.

दुसरे कारण प्रयोगाचे आहे. आज प्रसिद्ध असलेली काही कॅलिबरे मुळात कोणीतरी मोठ्या पुंगळीचा गळा आवळून घरच्या कामशाळेत तयार केलेली होती. .२५-०६ हे असेच वर्षानुवर्षे हौशी लोकांच्या हातातून फिरले आणि १९६९ मध्ये एका मोठ्या कंपनीने ते अधिकृत केले.

५. कोणत्या पुंगळीतून कोणती घडते, हे कशावरून ठरते?

आधी बुडावरून, मग लांबीवरून. बुडाचा व्यास आणि कडेचा आकार बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी जुळला पाहिजे, कारण तिथे पितळ सर्वांत जाड आणि कडक असते आणि ते दाबून बदलता येत नाही. लांबी मात्र कापता येते, म्हणून मूळ पुंगळी हव्या त्या मापाइतकी किंवा तिच्याहून जास्त लांब असावी.

उदाहरण म्हणून १९०६ चे .३०-०६ घ्या. त्याच्या बुडाचा व्यास .४७३ इंच, म्हणजे साधारण १२ मि.मी. जर्मन ८×५७ चे बूडही जवळपास तेवढेच आहे, म्हणून ६३.३५ मि.मी. लांबीची .३०-०६ ची पुंगळी कापून आणि तिचा खांदा मागे सरकवून ८×५७ बनते. १९५२ चे .३०८ हेही त्याच बुडाचे. .३०८ चा गळा आवळून १९५५ मध्ये .२४३ निघाले, नंतर १९८० मध्ये ७ मि.मी.-०८ आणि १९९७ मध्ये .२६० निघाले. एका बुडाची ही एवढी भावंडे आहेत.

६. आकडेच पाहिले तर .३०८ ची पुंगळी .२४३ पेक्षा आखूड आहे. मग ती चालते कशी?

हा प्रश्न विचारणारा माणूस मापे नीट वाचतो, याचा मला आनंद होतो. .३०८ ची पुंगळी ५१.१८ मि.मी. आणि .२४३ ची ५१.९४ मि.मी. आहे. .३०-०६ ची ६३.३५ आणि तिच्याच कुळातल्या .२७० ची ६४.५२ आहे. गळा आवळला की पितळ कुठेतरी जाणारच, त्यातले थोडे पुढे सरकते आणि गळा किंचित लांबतो, पण पूर्ण फरक भरून निघत नाही. अशी पुंगळी किंचित आखूड राहते आणि चालते. आखूड गळ्यामुळे गोळीची पकड थोडी कमी होते, एवढेच. लांब राहिलेला गळा मात्र खरोखर धोकादायक आहे. त्याचे तोंड चेंबरच्या टोकाला टेकून गोळीवर आवळले जाते आणि दाब भयंकर वाढतो. म्हणून घडवल्यानंतर लांबी मोजल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नसते.

७. पितळच का? आणि मध्येच ताव का द्यावा लागतो?

पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. हे मिश्रण थंड अवस्थेत भरपूर ओढता येते, गोळी सुटताना फुगून चेंबरला घट्ट चिकटते, मागे वायू येऊ देत नाही आणि दाब उतरला की पुन्हा आक्रसून सुटते. पोलादाला आणि ॲल्युमिनियमला हे इतके सहज जमत नाही.

पण प्रत्येक दाबासोबत पितळ कडक होत जाते. कारखान्यात पत्र्याच्या जाड चकतीपासून आधी वाटी बनते, मग ती वाटी डायमधून टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी केली जाते, आणि ओढण्याच्या टप्प्यांमध्ये तिला भट्टीत तापवून पुन्हा मऊ केले जाते. तसे केले नाही तर पुढच्या ओढीला ती फाटते. आपल्या तांबटाला हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. घागरीचा काठ ठोकता ठोकता हातोड्याचा आवाज बदलला, बद्द होता तो खणखणीत झाला, की तो हातोडा खाली ठेवतो आणि भांडे भट्टीत घालतो. पुंगळीच्या गळ्याचे तेच आहे. .३०८ चा गळा ७.८२ मि.मी. च्या गोळीसाठी असतो आणि .२४३ चा ६.१७ साठी. एवढा गळा एका दमात आवळला तर त्याला चुणी पडतात किंवा उभी चीर जाते. म्हणून जाणकार दोन टप्प्यांत आवळतात आणि मध्ये किंवा शेवटी गळ्याला आणि खांद्याला थोडा वेळ साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या पुढचा ताव देतात.

८. ताव देऊन पाण्यात बुडवले तर पितळ पोलादासारखे कडक होईल ना?

होणार नाही. आयटीआयच्या मुलांच्या मनात घर करून बसलेला हा गैरसमज आहे. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तेव्हा पोलाद कडक होते, कारण त्यात कार्बन आहे आणि झटकन थंड केल्यावर त्याची आतली रचना बदलते. या पितळेत तसे काही घडत नाही. ते ताव दिल्यानेच मऊ होते, मग हवेत थंड करा किंवा पाण्यात. पाण्याचा उपयोग एवढाच की उष्णता बुडाकडे चढत नाही. पितळ कडक करण्याचा मार्ग एकच: ठोकणे, दाबणे किंवा ओढणे.

९. चुकून बूड तापले तर?

ती पुंगळी टाकून द्यायची, त्यावर दुसरा विचार नाही. रायफलच्या चेंबरमधला दाब ५०,००० पौंड प्रति चौरस इंचांच्या पुढे जातो आणि मागच्या बाजूने तो दाब बुडाच्या कडकपणाच्या जोरावर पेलला जातो. मऊ झालेले बूड फुगते, प्राइमरचा खड्डा सैल पडतो आणि तापलेला वायू थेट नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे ते बूड पुन्हा तापवून कडक करता येत नाही. म्हणूनच ताव देताना पुंगळ्या पाण्याच्या ताटलीत उभ्या करण्याची किंवा काही सेकंदच ज्योतीत फिरवण्याची पद्धत पडली.

जळगावच्या मे महिन्यात गाडीत राहिलेल्या पुंगळीचे पितळ मऊ होईल का, असेही एकाने विचारले होते. आपले ४५ अंश पितळेच्या खिजगणतीतही नाहीत. भरलेल्या काडतुसातली दारू मात्र उन्हाने तापते आणि त्यामुळे दाब वाढतो, म्हणून काडतुसे कधीही उन्हात ठेवू नयेत.

१०. लष्करी पुंगळीच्या गळ्यावर निळसर-तपकिरी डाग असतो. ती जळालेली असते का?

नाही, ती चांगली खूण आहे. कारखान्यात गळ्याला शेवटचा ताव दिला की पितळेवर ती छटा उमटते. लष्करी पुंगळीवर ती तशीच ठेवली जाते आणि बाजारातल्या पुंगळीवरून बहुधा घासून काढली जाते. उजेडात हळू फिरवून पाहिली तर गळ्याकडे जांभळट, खांद्याखाली भुरकट आणि मग एकदम पिवळी अशी तिची सीमा स्पष्ट दिसते.

११. .२२३ ची पुंगळी कापून .३०० ब्लॅकआउट करतात. त्यात एवढे अवघड काय?

कापणे सोपे आहे, अडचण गळ्याच्या जाडीची आहे. .२२३ ची पुंगळी ४४.७० मि.मी. आणि .३०० ब्लॅकआउटची ३४.७५ मि.मी. म्हणजे जवळपास दहा मि.मी. उडवायचे. नवा गळा मूळ गळ्यापासून बनत नाही, मूळ अंगापासून बनतो, आणि अंगाची भिंत गळ्यापेक्षा जाड असते. वरून गोल, चकचकीत, सुरेख दिसणारा हा गळा गोळी बसवल्यावर चेंबरपेक्षा जाड भरू शकतो. मग गोळी सुटताना गळ्याला फुगायला जागाच उरत नाही आणि दाब चढतो. गळ्याच्या भिंतीत दोन-तीन थाऊंचा फरकही इथे मोठा ठरतो (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणून भिंत बॉल मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजतात आणि जाड असेल तर बाहेरून तासतात. .३०-०६ पासून ८×५७ करतानाही हेच होते.

कारखान्यांगणिक भिंतीची जाडी वेगळी असते. त्यामुळे एका शिक्क्याची पुंगळी जमली म्हणून दुसऱ्या शिक्क्याची जमेल असे धरून चालत नाही.

१२. ‘हेडस्पेस’ हा शब्द सगळीकडे येतो. सोप्या भाषेत सांगाल?

बोल्ट बंद केल्यावर त्याच्या तोंडापासून, पुंगळी चेंबरमध्ये जिथे टेकते तिथपर्यंतचे हे अंतर आहे; पुंगळीला पुढे-मागे हलायला किती जागा राहते ते त्यावरून ठरते. .३०-०६ सारखी कडा नसलेली पुंगळी चेंबरमध्ये खांद्यावर टेकते. .३१५ किंवा .३०३ सारखी कडेची पुंगळी कडेवर टेकते. घडवताना खांदा गरजेपेक्षा जास्त मागे गेला तर पुंगळीला पुढे जागा उरते. गोळी सुटताच तिचे पुढचे अंग चेंबरला चिकटते आणि बूड मागे बोल्टवर आपटते. या ओढाताणीत बुडाच्या थोडे वर पितळ ताणून पातळ होते. बाहेरून तिथे एक उजळ कडे दिसते. वाकवलेल्या तारेचे टोक आतून वर-खाली फिरवले तर त्याच जागी बारीक खाच लागते. ती लागली की त्या पुंगळीचे आयुष्य संपले. पुढच्या वेळी तिचे दोन तुकडे होतात आणि पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकून राहतो.

लष्करी .३०३ रायफलींचे चेंबर चिखलमातीतही चालावे म्हणून पुढून सैलसर ठेवलेले असत. त्यामुळे त्यांच्या पुंगळ्यांवर हे कडे लवकर दिसते.

१३. खांदा पुढे सरकवायचा असेल तर?

डायने खांदा मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही. म्हणून गळा आधी मोठा करून पुन्हा थोडा आवळतात आणि तिथे एक तात्पुरता खोटा खांदा तयार करतात, म्हणजे पुंगळी चेंबरमध्ये त्यावर घट्ट टेकते. मग ती त्याच रायफलीतून एकदा उडवली की आतल्या दाबाने चेंबरचा आकार घेते. हा खोटा खांदा न करता तसेच उडवले तर प्रश्न १२ मधला ताण पहिल्याच वेळी येतो. हे काम फक्त तिथले, जिथे त्याला कायद्याची परवानगी आहे.

१४. आजोबांनी सैन्यातून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोठ्याच्या माळ्यावर होत्या. कोणी हात लावला नाही, तरी गळ्याला उभ्या चिरा गेल्या. असे कसे झाले?

मला आलेल्या प्रश्नांत हा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण याचे उत्तर हिंदुस्थानातच सापडले आहे. इंग्रजांच्या लष्करात पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांजवळ साठवली जात आणि पावसाळा सरता सरता पुंगळ्या आपोआप तडकत. म्हणून या रोगाला ऋतूवरून ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. त्याचे कारण १९२१ मध्ये नीट मांडले गेले. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि ओढून-दाबून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सांध्यातून फुटते. तिघांपैकी एक जरी काढला तरी ते थांबते. ताण काढायला साधारण २५० ते ३०० अंशांचा हलका ताव पुरतो आणि त्याने पितळेचा कडकपणा फारसा जात नाही.

आपल्या गोठ्यात अमोनिया आहे, आषाढ-श्रावणाची दमट हवा आहे आणि पुंगळीत ताण आहेच. नव्याने गळा आवळलेली आणि ताव न दिलेली पुंगळी तर जास्तच लवकर तडकते. त्यामुळे जुन्या पुंगळ्या जपायच्या असतील तर कोरड्या जागी ठेवाव्यात आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने घासू नयेत. एका नातेवाइकाने हौसेने अशाच पॉलिशने उजळवून काचेच्या कपाटात लावलेल्या पुंगळ्यांपैकी तीन वर्षभरात फुटलेल्या मी स्वतः पाहिल्या. चीर इतकी बारीक होती की नख फिरवल्यावरच ती जाणवली.

१५. नव्या कॅलिबरचे दारूचे छापील प्रमाण घडवलेल्या पुंगळीला लागू होते का?

डोळे मिटून लागू करता येत नाही. लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड असते आणि बाहेरचे माप तेच राहिल्यामुळे आतली जागा कमी होते. तेवढीच दारू कमी जागेत जळली की दाब जास्त. जाणकार लोक घडवलेल्या पुंगळीत पाणी भरून तिची धारणक्षमता तोलून पाहतात, ती याच कारणाने.

१६. बुडावरचा जुना शिक्का तसाच राहतो. त्याने काय बिघडते?

माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून हा प्रश्न हलक्यात घेऊ नये. बुडावर .२२३ लिहिलेले आणि आत .३०० ब्लॅकआउट भरलेले काडतूस दुसऱ्याच्या हाती पडले आणि ते .२२३ च्या रायफलीत बसले, तर मोठी गोळी लहान नळीत अडकून रायफल फुटते. असे अपघात झालेले आहेत. घडवलेल्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात, मोठ्या अक्षरांत नाव लिहून, बुडावर रंगाची खूण करून ठेवण्याची शिस्त म्हणूनच पाळली जाते.

१७. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पुंगळी घडवता येते का?

नाही. ती एकदाच वापरण्यासाठी असते. चुंबक लावून पाहावे, पितळी मुलामा दिलेले लोखंडही त्याने उघडे पडते. शिवाय आत डोकावून पाहावे. मधोमध एक भोक असेल तर प्राइमर सुईने बाहेर निघतो. दोन बारीक भोके असतील तर ती बर्डन पद्धतीची, आणि तिच्यावर प्राइमर काढणारी डायची नेहमीची सुई मोडते.

१८. रानात किंवा भंगारात पुंगळी सापडली तर घरी ठेवू का? शोभेसाठी चालेल ना?

सापडलेली वस्तू रिकामी आहे याची खात्री लांबून होत नाही. गोळी बसलेली असेल, प्राइमरवर सुईचा खड्डा नसेल किंवा वस्तू नेहमीच्या काडतुसापेक्षा मोठी असेल, तर तिला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे. मुलांनी अशी वस्तू ठोकून पाहणे म्हणजे जिवाशी खेळ.

वापरलेल्या, प्राइमर उडालेल्या एखाद-दुसऱ्या पुंगळीबाबत शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये एक सवलत आहे. दारूगोळ्याचे जे किरकोळ भाग आपल्याकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे असलेल्या पूरक भागांसोबत वापरायचे नाहीत, ते बाळगणे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. पण याच पुंगळ्या पोत्याने जमवल्या, शेजारी डाय आणि प्रेस ठेवली, तर तुमचा हेतू काय होता हे न्यायालयात तुम्हालाच पटवून द्यावे लागेल. आजोबांची आठवण म्हणून ठेवलेल्या दोन-चार पुंगळ्यांसोबत त्यांचे सेवापत्र जपून ठेवावे, आणि विमानाने जाताना त्या सामानात कधीही नेऊ नयेत.